मालकिणीची मोटार

आमचे सासरे चहा गाडीत बसून प्यायचे. गाडी कुठं जात नसे. अंगणात लिंबाखाली, चाकांना दगड लावून ती उभी असे आणि हे धोतराचा सोगा सावरत, पुढचं दार उघडून, स्टिअरिंगमागं बसत. घरात बाजा होत्या, खुर्ची होती, सोसायटीतून आणलेलं बाक होतं, पण चहाला गाडीच लागे. उशीर झाला की रबरी भोंगा दाबत. भोंगा ओरडला की शेजारच्या कोंबड्या फडफडत कुडावर चढायच्या आणि मी आत दात-ओठ खात स्टोव्हला पंप मारायची. गावात नवखा माणूस आला की हे बघून थबके. मग गल्लीतलं कुणीतरी त्याला सांगे, "काय न्हाय, चेअरमन हायेत. च्या प्याय लागलेत."

चेअरमन म्हणजे साखर कारखान्याचे वगैरे नव्हेत. मुरुम गावाच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या खत-बियाणं वाटणाऱ्या सेवा सोसायटीचे चेअरमन. सोसायटीची एक खोली, तिच्यावर गळका पत्रा आणि आत दुपारी झोपणारा सेक्रेटरी. पण यांचा तोरा असा की सगळं मंत्रालय आमच्याच ओसरीवरून चालतं. बहात्तरच्या दुष्काळात गाव खडी फोडायला गेलं, तेव्हा हे खडीच्या ढिगावर उभे राहून सहकारावर भाषण करत. "सहकार म्हंजे सबुरी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खाली बसलेल्या बाया हातोडा थांबवून सबुरीनं ऐकून घेत. त्या बायांत आमच्या सासूबाईही होत्या. पुढं निवडणुकीत खुर्ची गेली, नाव तेवढं राहिलं. झोपेतसुद्धा कुणी "चेअरमन" म्हटलं तर हे "बोला" म्हणत.

सासऱ्यांना मी मामा म्हणे आणि सासूबाईंना आत्या. त्या फार बोलायच्या नाहीत. नवरा बोलका असला की बायकोच्या वाट्याला शब्द उरत नाहीत, हे मी त्या घरात शिकले. चेअरमन पंगतीत, पारावर, एस्टीच्या थांब्यावर बोलत आणि घरी येऊन तेच पुन्हा आत्यांना ऐकवत. आत्या "व्हय" म्हणत. त्या एका "व्हय"वर चेअरमनांचा संसार चालला होता.

गाडीची गोष्ट त्यांच्या लग्नापासूनची आहे. आत्यांचं माहेर माकणीच्या बाजूला, तेरणेच्या काठावर. लग्न लागून वरात बैलगाडीतून निघाली, तर वाटेत मागून निजामाच्या तालुकदाराची, म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरची, बिनछताची मोटार आली. गाडीवानानं बैल ओढून गाडी बांधाला लावली. चेअरमनांच्या वडिलांनी खाली उतरून वाकून सलाम केला. मोटार साऱ्या वऱ्हाडावर धुरळा उडवून निघून गेली. नव्या नवरीनं पदराआडून तिच्याकडं बघितलं आणि नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी बघून मिसरूड फुटलेल्या नवरदेवानं मनाशी शपथ घेतली की असलीच मोटार एक दिवस हिच्या दारात आणून उभी करीन. हा किस्सा ते कुणालाही सांगत.

मी एकदा भाकरी थापता थापता आत्यांना विचारलं, "खरंच रडू आलं होतं का हो तुम्हाला?"

"कशाचं रडू गं," आत्या तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. "डोळ्यात धूळ गेलती. मला काय बी दिसंना झालतं. मोटार लाल हुती का काळी, त्ये बी म्या बगितलं न्हाय."

"मग तुम्ही मामांना सांगितलं नाही?"

"त्येंनी कवा इचारलं?"

असा सगळा पाया. डोळ्यात गेलेल्या धुळीवर एका माणसानं आयुष्यभराचं स्वप्न बांधलं, आणि ज्या बाईसाठी बांधलं तिला एकदाही विचारलं नाही.

पावसानं पुन्हा ओढ दिलेल्या एका वर्षी, गावात टँकर यायला लागला त्याच सुमाराला, चेअरमनांनी हे स्वप्न हाती घेतलं. तसली मोटार आता मिळणार कुठं? ती नवी बनवून घ्यायची ठरली. सोलापुराकडून लष्कराच्या लिलावातल्या जीपचा सांगाडा आला आणि मुरुमला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या मिस्त्रीकडं जाऊन पडला. "हुबेहूब पायजे," चेअरमन म्हणाले. मिस्त्रीनं तसली मोटार जन्मात पाहिली नव्हती. चेअरमनांनी पाहिली होती ती धुरळ्यातून. एकानं धुरळ्यातून पाहिलेली आणि दुसऱ्यानं न पाहिलेली गाडी दोघं मिळून हुबेहूब बनवायला लागले.

"नाक लांब पायजे. सायबाच्या मोटारीला रुबाब नाकातच असतो."

"किती लांब, मालक?"

चेअरमन दोन्ही हात पसरत आणि मिस्त्री त्या हातांचं माप घेई. दुसऱ्या दिवशी ते जेवून आलेले असले की हात जरा जास्त पसरत. दिवे कुठल्याशा धंदा मोडलेल्या बँडवाल्याचे, पितळी. मागची सीट टांग्याच्या गाद्या शिवणाऱ्यानं शिवली. अशी गाडी तयार झाली. पुढून बघावी तर तालुकदार, मागून बघावी तर उसाची ट्रॉली. आवाज पिठाच्या गिरणीचा. आणि दारावर, लग्नात भांड्यांवर नाव घालतात तसं, पेंटरकडून लिहून घेतलं होतं, 'सौ. सुंदराबाई यांस सप्रेम भेट'. खाली त्याच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत 'चेअरमन'.

गाडी अंगणात आली तेव्हा आत्यांनी तिला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. चेअरमन त्यांच्या तोंडाकडं बघत उभे होते. तीस वर्षांमागचं ते डोळ्यातलं पाणी आता पुन्हा येणार, अशा आशेनं. आत्या म्हणाल्या, "हिला वर काय झाकायला न्हाय का?"

"अगं, त्येच तर!" चेअरमन म्हणाले.

त्याच आठवड्यात आत्यांचे धाकटे भाऊ आले. तिकडं तेरणेवर धरण होत होतं आणि त्यांचं गाव पाण्याखाली जाणार होतं. माणसं नव्या गावठाणात निघाली होती. घरं उतरवून तुळया, दारं, कड्या गाड्यांत घालून नेत होती. भाऊ ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "दाजी, येत्या सोमवारी घर उतरवायचं. त्येच्या आदल्या दिवशी आईच्या चुलीवर शेवटचा सैपाक करावा म्हंतो. सगळ्या भैनी याय लागल्यात. आक्काला माझ्यासंगं धाडा."

आत्या दाराआड उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती चूल तेवढी राहिली होती. आईनं घातलेली, दर दिवाळीला मातीनं पोतारलेली. तिच्यापुढं एकदा बसायचं होतं त्यांना. इतक्या वर्षांत काही मागताना मी त्यांना बघितलं नव्हतं. ते एक मागणं त्यांच्या तोंडावर अगदी उघडं दिसत होतं आणि ते चेअरमन सोडून सगळ्यांना दिसलं.

चेअरमन म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. तुमच्या आक्काला म्या गाडीतनं आणतो. इज्जतीनं."

"दाजी, एस्टीनं..."

"चेअरमनची बायको एस्टीत उभ्यानं यायची व्हय? शब्द दिला तुमाला."

भाऊ एकटे परत गेले. आता गाडी तर दारात उभी, पेट्रोल भरलेलं. पण चाक हलवायचं नाही! का, तर गाडीची फीत कापायला एक मोठे पुढारी यायचे होते. तोवर गाडी गावाबाहेर काढली तर त्यांचा अपमान. पुढारी शुक्रवारी येणार होते, ते शनिवारी येतो म्हणाले. शनिवारी निरोप आला की रविवारी नक्की. रविवारी सकाळपासून चेअरमन फेटा बांधून वेशीत उभे. आत्या नवं लुगडं नेसून, पिशवीत भावजयांसाठी खण घेऊन, उंबऱ्यात. आदल्या दिवशी त्यांनी एकदाच विचारलं होतं, "म्या जाऊन सांजच्या एस्टीनं माघारी यिऊ का?" आणि चेअरमन म्हणाले होते, "सबुरी धर. सहकार म्हंजे सबुरी." बायकोचं माहेर बुडत होतं आणि हा माणूस तिला सोसायटीचं भाषण ऐकवत होता.

पुढारी आले नाहीत. उन्हं कलली तशी आत्यांनी नवं लुगडं बदललं आणि चुलीपुढं बसल्या. आमटीला लावायच्या येसराचं धान्य आणि मसाला भाजायला घेतला. येसराची आमटी आमच्याकडं कार्याला करतात, उगीच रविवारी कुणी करत नाही. तिकडं तेरणेच्या काठावर त्यांच्या बहिणी तेच करत असणार, हे त्यांना माहीत होतं. मी जवळ बसले. मदत करू का म्हणाले तर मान हलवून नको म्हणाल्या. चेअरमन फेटा सोडून जेवायला बसले, आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, "आज आमटी झकास झाली बरं का. काय इशेष?"

"काय न्हाय," आत्या म्हणाल्या.

त्या दिवशी मला सासऱ्यांचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही. माझ्या हातात पळी होती. सून नसते तर तिचा उपयोग केला असता.

फीत पुढं यथावकाश कापली गेली. पुढारी गाडीत बसून फोटो काढून गेले आणि मग चेअरमनांनी आत्यांना पहिली फेरी मारायला बोलावलं. तिथं वेगळीच अडचण. आमच्याकडं पारावर वडीलधारी बसलेली असली की सुनेनं वाहनातून उतरून, पदर घेऊन, चालत पुढं जायचं. बैलगाडीला पडदा असतो, त्यामुळं आत बसलं तरी चालतं. या मोटारीला ना पडदा ना छत. गाडी सुरू झाली, थोरल्या दिरांचं दार आलं. आत्या उतरल्या. चालत पुढं जाऊन पुन्हा बसल्या. मारुती आला, पुन्हा उतरल्या. मग पार, मग चावडी. चेअरमन सावकाश गाडी हाकत पुढं आणि गाडीची मालकीण मागून चालत. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "चेअरमन, मालकिणीची गाडी हाय का गाडीची मालकीण हाय?" सगळा पार हसला. मीही पारासमोरच्या घराच्या माळवदावर बायांत उभी राहून, पदर तोंडात कोंबून हसले, मग आत्यांच्या धुळीनं भरलेल्या टाचा दिसल्या तेव्हा हसू थांबलं.

परत आल्यावर आत्या एवढंच म्हणाल्या, "दोन हातानं पदर धरावा का दार धरावं? दार त्या मिस्त्रीनं नीट लावलं न्हाय."

नंतर गाडी नवरदेवांची झाली. पंचक्रोशीतल्या वराती तिच्यातून निघायला लागल्या. कुणी मागायला आलं की चेअरमन मोठ्यानं म्हणत, "गाडी आपली न्हाय बाबा, मालकिणीची हाय. तिला इचारा." मागणारा बिचारा आत वळून बघे, तोवर हेच म्हणत, "न्या, न्या. ती काय नगं म्हणती?" वरातीहून गाडी गुलालानं माखून येई आणि मग ती धुवायची. टँकरपुढं घागरींची रांग लावून आम्ही पाणी आणायचं आणि यांनी त्यातली एक घागर मोटारीवर ओतायची. "नुसतं त्वांड धुतो तिचं," म्हणायचे. एक दिवस आत्यांनी घागर उचलून आत नेली आणि त्यांच्या हातात ओलं फडकं दिलं. चेअरमन फडक्यानं गाडीचं नाक पुसत बसले.

मग एका पावसाळ्यात तिकडच्या धरणात पाणी अडवलं. चेअरमनांना ही बातमी पारावर कळली आणि त्यांना एकदम शब्द आठवला. घरी येऊन म्हणाले, "चल, माहेरी नेतो तुला. शब्द दिलता तुज्या भावाला." उशिरा का होईना शब्द पाळणाऱ्या माणसाचं तेज तोंडावर होतं. आत्या निघाल्या. नवं लुगडं नेसल्या नाहीत, अंगावर होतं त्यातच. मला म्हणाल्या, "तू बी चल." मी मागं टांग्याच्या गादीवर बसले.

थोरल्या दिरांचं दार आलं. चेअरमनांनी सवयीनं गाडी हळू केली. आत्या उतरल्या नाहीत. मारुतीपाशी त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. पारावर सगळी मंडळी होती. वाऱ्यानं पदर खांद्यावर आला होता, तो त्यांनी डोक्यावर घेतला नाही. समोर बघत बसून राहिल्या. चेअरमनांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा पाराकडं, आणि भोंगा न वाजवता गाडी पुढं काढली. त्या पारापुढून भोंगा न वाजवता ते पहिल्यांदाच गेले असतील.

नव्या गावठाणाचा फाटा आला. "हिकडं न्हाय," आत्या म्हणाल्या. "जुन्या गावाला." चेअरमनांनी गाडी जुन्या वाटेला घातली. दोन्ही बाजूंना बाभळी, मध्ये चाकोरी, आणि एका उतारावर वाट सरळ पाण्यात गेलेली. गाडी थांबली. समोर नुसतं पाणी होतं. लांब एका चिंचेचा शेंडा तेवढा वर दिसत होता. कुठं घर, कुठं आड, कुठं चूल, काही ओळखू येत नव्हतं. इतक्या दुष्काळांनंतर एवढं पाणी आम्ही कुणीच एका जागी पाहिलं नव्हतं, आणि ते नेमकं तिथं होतं.

चेअरमन म्हणाले, "वा! काय पानी हाय!"

आत्या बघत राहिल्या. मग त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. आवाज नाही, हुंदका नाही. चेअरमनांनी ते बघितलं. खिशातून रुमाल काढून पुढं केला आणि म्हणाले, "काय झालं? धूळ गेली का डोळ्यात?"

पाऊस होऊन गेलेला, वाट ओली, समोर अख्खं धरण. धूळ औषधालासुद्धा नव्हती. मला मागून ओरडावंसं वाटलं, मामा, जरा बघा तरी! पण मी सून होते.

"व्हय," आत्या म्हणाल्या.

तेच ते "व्हय". पण या वेळी चेअरमन परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. त्यांना काय कळलं, किती कळलं, मला ठाऊक नाही. त्या माणसाला मी कधी काही कळल्याचं श्रेय दिलं नाही, तेव्हा हेही देत नाही. पण घरी आल्यावर त्यांनी गाडी लिंबाखाली लावली, आणि स्वतः वाकून चाकांना दगड लावले. त्यानंतर वरातीला मागायला लोक आले तर म्हणत, "बिघडलीय." बिघडलेली नव्हती.

तिथून हे चहाचं खूळ लागलं. रोज गाडीत बसत आणि दोन कप मागत. एक स्वतःचा, एक शेजारच्या सीटवर ठेवायचा. "मालकीण यील," म्हणायचे. आत्या यायच्या, कप दारावरून आत द्यायच्या आणि कामाला जायच्या. शेजारचा चहा सीटवर निवून जाई. कधी बस म्हणाले नाहीत, कधी चुकलो म्हणाले नाहीत. ज्या माणसानं जन्मभर खडीच्या ढिगावर उभं राहून भाषणं केली, त्याला दोन कप चहापलीकडं बोलता येईना. मला त्याचाही रागच यायचा. एक शब्द बोलले असते तर काय जीभ झडली असती?

चेअरमन वारले ते थंडीत, अगदी सकाळी, पहिला कप व्हायच्या आत. अंगणात गाव जमलं. सोसायटीचे लोक हार घेऊन आले. कुणीतरी म्हणालं, चेअरमनची शेवटची वरात त्यांच्याच मोटारीतून काढू. सगळ्यांना ते फार पटलं. दोघा-तिघांनी चाकाचे दगड काढायला हातसुद्धा घातला. माझे यजमान म्हणाले, "थांबा, गाडी आईची हाय. आईला इचारा." इतक्या वर्षांत ते वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी खरं केलं.

आत्या उंबऱ्यात आल्या. म्हणाल्या, "खांद्यावर न्या. माणसावानी न्या. गाडी माजी हाय. दगडाला हात लावू नगा."

तसंच नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला. सवयीनं दोन कप ओतले आणि मग लक्षात आलं. बाहेर बघते तर आत्या लिंबाखाली उभ्या. त्यांनी ते नीट न लागणारं दार ओढून उघडलं आणि आत बसल्या. स्टिअरिंगमागं नाही, शेजारी, आपल्या जागेवर. मी दोन्ही कप घेऊन गेले. त्यांनी एक घेतला, दुसरा मोकळ्या सीटवर ठेवायला सांगितला. अंगणात सडा घातलेला होता, वारं नव्हतं. त्या पदरानं डोळे पुसत होत्या. मी काही विचारलं नाही.